दसऱ्यापर्यंत तोंड उघडायचं नाही

मी मारुतीला माफ केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. माझी नात हे लिहून घेते आहे. ती म्हणाली, "आजी, दुखण्याची हकीकत लिहायची तर सुरुवात देवाच्या कृपेनं करतात." मी म्हटलं, कृपा झाली ती मागून झाली, आधी झालं ते आधी लिही. नात शाळा शिकलेली आहे, माझं बोलणं ती जरा चोपडं करून लिहिते. करू दे. राग तेवढा कमी करू नकोस म्हणून तिला बजावलंय, आणि लिहिलेलं रोज वाचून घेते.

लिहायचं कारण म्हणजे आमच्या आळीतली एक सून. गालाच्या आत काहीतरी आलंय तिला. पदर तोंडावर धरून पाणी भरते, कुणी विचारलं तर उष्णता आहे म्हणते. चाळीसेक वर्षांमागे मीही हेच म्हणत होते. उष्णता आहे, दाढ आहे, गरम भाकरीचा चटका बसलाय. खरं काय ते मला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची सोय नव्हती. माझ्या जिभेखालच्या गाठीवर एक अख्खी विहीर अडकली होती.

विहीर

तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि बीडला भीर म्हणायचे. आमचं गाव मांजरसुंब्याच्या अंगाला, घाटाच्या वर. माझे मालक आणि त्यांचा धाकटा भाऊ मारुती, दोघांनी मिळून विहीर खणली होती. तिच्यातला मुरूम मी स्वतः डोक्यावर वाहिलाय. मोटेची पाळी ठरलेली होती, एक दिवस आमची, एक दिवस त्यांची. मग पटकीची साथ आली. त्या दिवशी सकाळी मारुती बैलं घेऊन माजलगावच्या बाजाराला निघाला तेव्हा मालक मोट हाकत होते. दुपारी उलट्या सुरू झाल्या आणि दिवस मावळायच्या आत सगळं संपलं. उशाशी मी एकटी होते.

तेरावं झालं आणि मारुती पारावर बोलला, की बाजाराला निघताना थोरल्या भावानं विहीर त्याच्या हवाली केली होती. धडधाकट माणूस, हातात मोटेचा कासरा, तो विहीर कशाला हवाली करील? पण हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. ज्यांना सुचलं त्यांनी विचारलं नाही. माझं पाणी गेलं की रान कोरडं, आणि रान कोरडं झालं की मी आणि माझी लेक सुंदर मारुतीच्या दारात राबायला. दोन माणसं फुकट मिळत होती, त्याला तेच हवं होतं.

साक्षीदार नव्हता म्हणून पंचांनी बेलभंडारा ठरवला. महादेवाच्या देवळात बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन बोलायचं. बोललेलं खोटं असेल तर ठरल्या मुदतीत बोलणाऱ्याच्या अंगावर नाहीतर घरावर काही ना काही उठतं, अशी आमच्याकडची समजूत. मुदत दिली दसऱ्यापर्यंत.

माझा भाऊ पालीहून आला होता. त्यानं विचारलं, "मारुतीनं कावून उचलू नये?"

पाटील म्हणाले, "मारुती बाजाराला गेलता. मरताना बाई हजर होती. बाईनंच उचलावा."

विहीर दिली म्हणे सकाळी आणि शपथ मरणाच्या वेळेची, तरी मी उचलला. म्हटलं, "माझ्या मालकानं विहीर कुणाला दिली न्हाई. दिली आसंल तर माझी जीभ झडू दे." जीभ झडू दे हे मला कुणी म्हणायला सांगितलं नव्हतं. मारुती समोर उभा राहून सुपारी कातरत होता, त्याच्याकडे बघून तोंडातून निघून गेलं.

गाठ

त्यानंतर थोड्याच दिवसांनी भाकरी खाताना जिभेला काहीतरी लागलं. उजव्या बाजूला, जिभेच्या खाली. आधी वाटलं हरभऱ्याचं साल अडकलंय. बोटानं चाचपलं तर साल नव्हतं, माझंच मांस होतं, टचटचीत फुगलेलं.

घरात आरसा नव्हता. मी घागरीत वाकून जीभ वर करून बघितलं, काय दिसणार? त्या दिवसापासून माझी जीभ माझी राहिली नाही. दळताना, निंदताना, कुणाशी बोलताना ती आपली तिथेच जाऊन बसायची. गाठ आहे का, वाढली का, दुखते का. कधी वाटायचं गेली, आणि जेवायला बसलं की पुन्हा हजर. ज्याला असं काही झालंय त्याला मी काय म्हणते ते कळेल.

भीती दोन होत्या. पहिली माझ्या मामाची. मामा आयुष्यभर तंबाखू-चुना खात आला. त्याच्या गालात असंच काही आलं, त्यानं उष्णता म्हणून सब्जा पिऊन ते पोसलं. शेवटी त्याच्या खाटेजवळ बसवत नव्हतं आणि त्याला पाणी कापसानं पाजावं लागायचं. मी लहान होते, कापूस भिजवून द्यायचं काम माझ्याकडे होतं. तो वास मी अजून विसरले नाही. मीही मिसरी लावायची. आपलंही तसंच होणार, आणि सुंदर माझ्यासाठी कापूस भिजवणार, हे मनातून जाईना.

दुसरी भीती अशी, की मी खरं बोलले होते हे मला माहीत होतं, तरीही कधी कधी वाटायचं, महादेवाच्या ऐकण्यात काही चूक तर झाली नाही? आणि एवढं वाटलं की मला मारुतीचा आणखी राग यायचा. त्यानं मला माझ्याच खरेपणाविषयी शंका घ्यायला लावली. विहिरीपेक्षा ते मोठं चोरणं होतं, असं मी आजही मानते.

आंबील

आखाडात गावची लक्ष्मीआई असते. ज्वारीच्या पिठाची, ताकाची आंबील होते, आणि देवीपुढे वाटीभर प्रत्येकीनं प्यायची. त्या वर्षी पाऊस लांबून उकाडा होता, म्हणून ताक चांगलं आंबलेलं होतं. माझ्या शेजारी माझी जाऊ कौसा बसली होती, मारुतीची बायको. मी वाटी तोंडाला लावली, एक घोट गेला, आणि जिभेखाली कळ आली. एवढी की वाटी हातातून सुटली. जबड्याखाली बाहेरूनसुद्धा सुपारीएवढं फुगलं.

कौसानं माझी हनुवटी धरून सगळ्या बायकांकडे वळवली. म्हणाली, "बघा बया. देवीचा परसाद तोंडात गेला आन् उठलं."

झालं. दिवस मावळायच्या आत गावभर झालं. राधाबाईनं जीभ झडू दे म्हटलं होतं, देवीनं ऐकलं. दुसऱ्या दिवशी दळायला जोडीला येणारी शेजारीण आली नाही. विस्तव मागायला गेले तर पाटलीणबाईंनी चूल विझलीय म्हणून सांगितलं, आणि मागून त्यांच्या छपरातून धूर निघत होता. नावं मला सगळी पाठ आहेत. नात म्हणते, नको लिहायला, त्यांची नातवंडं आहेत गावात. म्हणून सांगत नाही.

पाटलांनी मारुतीला समजावलं, की मुदत दसऱ्याची आहे, दसऱ्याला बाईचं तोंड उघडून बघू, तेव्हाही असलं तर विहीर तुझी. तेव्हा मारुतीनं एक पाचर मारून ठेवली.

"बघा, पण मधीच दवाखान्यात जाऊन दाखवून आली तर? ज्याला देवाचं भ्याव न्हाई त्यालाच दवाखाना लागतो. दाखवलं म्हंजी कबूल केलं, आसं धरायचं."

पंचांनी माना हलवल्या. मला कुणी विचारलंही नाही. गाठ दाखवली तर विहीर गेली, नाही दाखवली तर कदाचित जीव. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा.

लोणचं

आता सांगते की मी ठरवलं कसं. देवाची प्रेरणा वगैरे नव्हती. कैरीच्या लोणच्यानं ठरवलं.

बरणीच्या तोंडाचा फडक्याचा दादरा सोडला होता, अजून फोड तोंडात घातलीसुद्धा नव्हती, नुसता वास आला आणि गाठ भरली. मी हातातली भाकरी खाली ठेवली. म्हटलं, थांब. देवी रागावली असेल तर ती लोणच्याच्या वासाला कशी रागावते? मग मी नीट लक्ष ठेवलं. कोरडी भाकरी खाल्ली तर थोडी फुगायची. वरणाला तेवढीच. चिंचेच्या साराला मात्र जबडा धरून बसायची वेळ. आणि जेवण झालं की थोड्या वेळानं ओसरायची. मी खुरपत असले, झोपलेली असले, मारुतीला शिव्या घालत असले, तेव्हा ती शांत असायची. विहिरीचं नाव घेऊन बघितलं, शपथ पुन्हा मोठ्यानं म्हणून बघितली. काही नाही. चिंच आठवली की लगेच.

देवाला न्याय करायचा तर तो जेवणाच्या वेळा बघून करणार नाही. मारुती करील. तेव्हाच माझ्या मनातून देवीची भीती गेली. मामाची राहिली. मामाची गाठ फुगून ओसरत नव्हती, ती राहायची, एवढाच काय तो दिलासा. पण दिलाशावर किती दिवस काढायचे? आणि खरं सांगू, मला मरायचं नव्हतं त्यात सुंदरचा वाटा होता तसा मारुतीचाही होता. मी मेले असते तर त्यानं माझ्या तेराव्याला आंबीलच केली असती.

पाली

पंचमीला भाऊ मुराळी म्हणून आला. माहेरी जायला दवाखान्याचं निमित्त लागत नाही. पाली घाटाखाली, आणि पालीहून भीर हाकेवर. सुंदरला घेऊन गाडीत बसेपर्यंत मी त्याला काही सांगितलं नाही.

घाट उतरताना सांगितलं. त्यानं बैल थांबवले.

"राधे, येडी झालीस काय? मी पंचासमोर तुझ्या बाजूनं उभा राह्यलो. उद्या कुणी तुला दवाखान्यात बघितलं तर माजं नाक जाईल. दसऱ्यापतोर दम धर."

"आन् दसऱ्यापतोर मामासारखं झालं तर?"

"न्हाई होत."

"तुला कुणी सांगितलं?"

त्यानं रागानं बैल हाकलले.  माझा भाऊ वाईट नव्हता. पण नाक आणि बहीण यांच्यात कोण आधी, हे ठरवायला त्याला वेळ लागत होता. मला तो वेळ नव्हता.

सोय केली भावजयीनं. एरवी तिचं माझं फारसं जमायचं नाही, दर पंचमीला ती माझ्या माहेरपणाला नाक मुरडायची. त्या दिवशी तिनं मला उजेडात बसवलं, तोंड उघडायला लावलं, आपलं बोट धुऊन आत घातलं आणि चाचपलं. घरात तसं करणारी ती पहिलीच. बाकी सगळ्यांनी लांबून बघून निकाल दिले होते.

"आत टणक हाय बाई कायतरी. उद्या बांगड्या भरायला भीरला जायाचं," ती नवऱ्याला ऐकू जाईल अशी म्हणाली. "गाडी जुंपा, न्हाईतर आमी पायी जातो. नंदंच्या लेकीला पंचमीच्या बांगड्या नकोत का?"

भावानं गाडी जुंपली. दवाखान्याच्या कोपऱ्यावर उतरवून बैलांना पाणी दाखवतो म्हणत बिंदुसरा नदीकडे निघून गेला. आत यायचं धैर्य त्याला झालं नाही. तेवढं मी त्याला माफ केलंय, कारण गाडी त्यानंच जुंपली.

दवाखाना

ओसरीवर खोकणारे, डोळ्याला पट्ट्या बांधलेले, पोटाशी मूल धरलेल्या बाया. मी पदर ओढून भिंतीकडे तोंड करून बसले. कुणी आमच्या बाजूचं दिसतं का, एवढंच बघत होते. हुसेनबी नावाची एक दाई होती तिथे, पांढरी ओढणी, तोंडात पान. तिनं माझा पदर दोन बोटांनी बाजूला केला. म्हणाली, "भिंतीला कशाला दाखवती? डाक्टरला दाखव."

डॉक्टर म्हातारे होते, दाढीला मेंदी लावलेली. मला वाटलं विचारतील, काय पाप केलंस. त्यांनी विचारलं, "खाना खाते वक्त फूलता?"  कुणी न सांगता या माणसाला कसं कळलं? मी मान हलवली. त्यांनी हुसेनबीकडे हात केला आणि तिनं लिंबू कापून आणलं.

"चूसो," ते म्हणाले.

मी लिंबू चोखलं. कळ आली, जबडा फुगला, डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टर वाकून बघत होते आणि खुशीत होते. आंबिलीनं जे गावापुढे झालं तेच इथे लिंबानं झालं, आणि इथे कुणी माझी हनुवटी धरून चार बायकांना दाखवली नाही.

"कायको रोते बाई? पथरी है."

हुसेनबीनं मला उलगडून सांगितलं. "थुकी यायची नळी आसती जिभंखाली. तिच्यात खडा बसलाय. आंबट दिसलं की थुकी सुटती, वाट न्हाई घावत, मग फुगतंय. मुतखडा आसतो ना, तसा हा तोंडातला."

मी तिला विचारलं, "खोटं बोलल्यानं होतो का?"

ती हसली. "तसं आसतं तर भीरात एकाला जेवाय आलं नसतं."

औषधाचा बोळा जिभेखाली ठेवला, तोंड बधिर झालं. हुसेनबीनं माझं डोकं आपल्या पोटाशी दाबून धरलं. पात्याचं ओढणं कळलं, दुखलं म्हणण्याइतकं दुखलं नाही. दाढ उपटताना याहून जास्त होतं, हे भिणाऱ्यांसाठी सांगते. मग वाटीत टक्कन आवाज आला. ज्वारीच्या दाण्याएवढा खडा, पिवळट, एका बाजूनं खरखरीत. एवढ्याशानं मला गावातून उठवलं होतं.

डॉक्टर खडा टाकून द्यायला निघाले. तोंडात बोळा होता, बोलता येईना. मी त्यांचा हात धरला. त्यांनी बघितलं, हसले आणि खडा कागदात बांधून दिला. त्यांना वाटलं असेल, बाई भोळी आहे, देवापुढे ठेवील.

जखम भरेपर्यंत पालीला राहिले. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, भाताची पेज, आणि बोलायचं नाही. भावजय पेज थंड करून द्यायची आणि शेजारणींना सांगायची, दाढ काढलीय. आयुष्यात मी इतकी गप्प कधी राहिले नाही. गप्प राहून राग मुरतो, हे तेव्हा कळलं. दसऱ्याला काय बोलायचं ते शब्द न् शब्द मी तिथेच बसवलं.

निघताना भावानं विनवलं, "आता तोंड साफ हाय. उघडून दाखव, पाणी घे, गप ऱ्हा. दवाखान्याचं बोलू नगंस." मी हो म्हटलं. म्हणायला काय जातं.

सोनं

दसऱ्याला शिलंगण करून माणसं आपट्याची पानं घेऊन महादेवाच्या देवळापुढे जमली. पंच पारावर. मी देवळाच्या पायरीजवळ उभी राहिले, माझा भाऊ माझ्या मागे. पाटील म्हणाले, "तोंड उघडा." मी उघडलं, जीभ वर केली. गुरवानं वाकून बघितलं आणि काही नाही म्हणाला.

पाटील विहिरीचा निकाल बोलणार तोच मारुती पुढे आला.

"थांबा पाटील. हिला भीरच्या दवाखान्यापाशी बांगडीवाल्यानं बघितलंय. कापून आलीया. इच्यारा."

भावानं मागून माझा पदर ओढला. न्हाई म्हण, न्हाई म्हण. नाही म्हटलं असतं तर कदाचित निभावलंही असतं. पण मग माझ्या तोंडात खरंच खोटं आलं असतं, आणि ते मारुतीमुळे आलं असतं. एवढं त्याला द्यायची माझी तयारी नव्हती.

"व्हय, गेलते," मी म्हटलं. "कापून आले. या भावजी, आज दसरा. सोनं द्या."

धाकट्या दिरानं थोरल्या भावजयीला सोनं देऊन पाया पडायचं, ही रीत. चार लोकांत नाही म्हणता येईना. तो आला, आपट्याचं पान पुढे केलं, वाकला. मी त्याच्या तळहातावर त्याच पानावर तो खडा ठेवला.

"घ्या. तुमची विहीर."

लोक वाकून बघायला लागले. मी पाटलांकडे वळले. एरवी त्यांच्यासमोर मी डोक्यावरचा पदर सावरून बोलायची. तोही सावरला, मग बोलले.

"पाटील, मागच्या साली तुमाला मुतखडा झालता. कुळथाचा काढा माझ्या घरनं गेलता, म्हणून इच्यारते. तवा तुमी काय खोटं बोललता?"

कुणीतरी मागे खोकलं. पाटील लाल झाले. अंगात खडा धरणं हे पाप म्हणावं तर आधी पाटील पापी, आणि नाही म्हणावं तर विहीर माझी. त्यांना मध्ये बसायला जागा मी ठेवली नव्हती. पालीला पेज पिता पिता ती बुजवून टाकली होती.

"खडा कुनालाबी व्हतो," पाटील शेवटी म्हणाले. "आर्धी पाळी राधाबाईची."

"आजून एक," मी म्हटलं. "मी उचलला. आता भावजींनी उचलावा. मुदत दिवाळीपतोर."

गुरवानं बेलाचं पान आणलं. मारुतीनं हात पुढे केला नाही. घरात लहान लेकरं आहेत, इघ्न नको, असं काहीतरी पुटपुटला. चोराच्या मनात चांदणं. सगळ्या गावानं ते बघितलं आणि कुणी काही बोललं नाही. माझी माफीही कुणी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी शेजारीण जात्यावर येऊन बसली, जणू मध्ये काही झालंच नव्हतं. पाटलीणबाईंच्या चुलीतही पुन्हा विस्तव सापडायला लागला. त्या विहिरीवर मी कांदा लावला, चांगला झाला, सगळ्या आळीत वाटला. त्या दोन घरांत एक कांदा दिला नाही.

मारुतीचं तोंड

बऱ्याच वर्षांनी, सुंदरचं लग्न होऊन गेल्यावर, कौसा माझ्या दारात आली. बसली, उठेना. शेवटी बोलली.

"आक्का, ह्यांच्या गालात पांढरं चट्टं आलंय. जेवताना आग व्हती. कुणाला दावूच देत न्हाईत."

"कावून?"

विचारलं खरं, पण मला कारण माहीत होतं. ज्यानं सगळ्या गावाला शिकवलं की तोंडातला फोड ही खोट्याची खूण, तो आता कुठे जाणार? गाव विसरलं असेल, तो विसरला नव्हता. उपरणं तोंडावर धरून हिंडत होता. माझ्या मनात काय आलं ते सांगते. बरं झालं, असं आलं. एकदा नाही, दोनदा आलं. मग मामाचा वास आठवला.

मी त्याच्या घरी गेले. तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"भिंतीला कशाला दाखवता?" मी म्हटलं. "उद्या गाडी जुंपते. माझी गाडी, मी संगं येते. पण माझी आट हाय. दिवसाउजेडी निघायचं, गावातून निघायचं, आन् तोंडावर उपरणं न्हाई घ्यायचं. कुणी इच्यारलं तर तुमीच सांगायचं, मी न्हाई."

"वैनी, मेलो तरी चालंल."

"मग मरा. मी तेराव्याला आंबील करते."

सकाळी तो गाडीत येऊन बसला. पुढे, उघड्या तोंडानं. मी गाडी पारावरून घेतली, दुसरी वाट जवळची होती तरी. पाटलांनी विचारलं, कुणीकडे? मी कासरा ओढून गाडी थांबवली आणि बैलांकडे बघत बसले. मारुतीला बोलायलाच लागलं.

"तोंडात फोड आलाय. दावायला चाललोय."

विहिरीवरच्या बायकांनी विचारलं, तिथेही थांबवली. वेशीपाशीही. घाटाच्या तोंडाशी पोचेपर्यंत तो न विचारता सांगायला लागला होता. मी हातात कासरा धरून ऐकलं. इतकं गोड मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही.

त्याचा खडा नव्हता. नव्या डॉक्टरांनी कापलं, बरंच कापलं. पुढे बोलणं बोबडं झालं आणि आंबट त्याला झोंबायचं, पण नातवंडं बघेपर्यंत जगला. वेळेवर आणलंत, असं डॉक्टर मला म्हणाले. ते मी मारुतीला पुन्हा पुन्हा ऐकवत असे.

मला ज्याचा अंदाज नव्हता ते पुढच्या बाजाराच्या दिवशी झालं. गाडी जुंपत होते, तर दारात तिघं उभी. एकीच्या ओठात गाठ, एकाच्या टाळूला जखम, आणि ती जात्यावरची शेजारीण, तिची दाढ सुजून किती दिवस झाले होते कुणास ठाऊक. मारुतीनं उघड्या तोंडानं सांगितलं म्हटल्यावर आता सांगायला काय लाज, असं त्यांचं म्हणणं. मी सूड घ्यायला म्हणून गाडी पारावरून नेली आणि गावाला दवाखान्याची वाट पडली. याला माझा इलाज नव्हता. शेजारणीलाही नेलं. कांदा मात्र दिला नाही.

आता ही आळीतली सून. काल तिच्या घरी जाऊन आले. हात धुऊन बोट आत घालून बघितलं, भावजयीनं माझं बघितलं होतं तसं. उद्या तिला घेऊन जाणार आहे, आता मोटार आहे, घाट उतरायला वेळ लागत नाही. ती रडत होती, लोक काय म्हणतील. मी तिला सांगितलंय, पदर तोंडावर घे, मागच्या वाटेनं जाऊ, कुणाला काही सांगू नकोस. उघड्या तोंडानं मला फक्त मारुतीला न्यायचं होतं.